तेलाचा काटा

बासष्ट सालच्या वैशाखात, भर दुपारी डॉक्टरांची छोटी मोटार धानोऱ्याहून नंदुरबारच्या दवाखान्याकडे निघाली. मागच्या सीटवर सकाळीच बाळंत झालेली जसोदा नर्स सिंधुबाईच्या मांडीवर पडून होती. तिचं रक्त थांबत नव्हतं. पुढे बसलेल्या तिच्या आईला, जमनाबाईला, गाडी चालवता चालवता डॉक्टरांनी एकच काम दिलं.

"मावशी, ह्या काटावर नजर ठेवा. हाई इंजिन नुसतं हवावर थंड व्हस. तेल तापीसन काटा लालमा गया, तं गाडी अर्धा तास उभी करनी पडी. नहीतं इंजिन जाम व्हई."

अर्धा तास ऐकताच जमनाबाईने मागे वळून लेकीकडे पाहिलं.

गाडीवाटेच्या फुफाट्यातून मोटार पहिल्या गिअरमध्ये रडतखडत चालली. काटा चढत चढत लालमध्ये शिरला. तेवढ्यात मागचं कण्हणं थांबलं.

"मावशी, काटा?"

"हिरवामाच शे," ती काट्यावरची नजर न हटवता म्हणाली.

डॉक्टर दर दोन मिनिटांनी विचारत राहिले आणि ती खोटं बोलत राहिली. दवाखान्याच्या फाटकात इंजिनाने आचका दिला आणि मोटार बंद पडली, ती पडलीच.

तासाभराने सिंधुबाई बाहेर आली. "वाचनी तुमनी जसोदा."

जमनाबाईने डॉक्टरांचे पाय धरले. "साहेब, मी खोटं बोलनू. काटा कव्हानाच लालमा व्हता."

"माले माहीत व्हतं. जळेल तेलना वास येतच व्हता," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही मांगे पोरगीकडे दखू नही, म्हनीसन इचारी ऱ्हायनू व्हतू."