शालूबाईची आवणी

शालूबाईनं दाराला बाहेरून कडी घातली, गाठोडं काखोटीला मारलं, तेवढ्यात ढोलकी ऐकू आली.

ढोलकी तिच्या नवऱ्याची होती. जेठात तो गेला, आणि तेरावं झाल्यावर तिनंच ती भजनी मंडळाच्या हवाली केली होती. आता ती सोपानच्या गळ्यात होती. सोपानच्या मागं इरली, घोंगड्या पांघरलेली वीस-पंचवीस माणसं बांधावरून थेट तिच्या घराकडं येत होती. तिकोणा पेठ गावातले धडधाकट गडी लढाईपायी देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला गेले, तेव्हापासून ज्या घरात हात कमी, त्या घरची आवणी, म्हणजे भाताची लावणी, मंडळ करून द्यायचं. रोज एकाचं खाचर, ढोलकीच्या तालावर भलरी म्हणत. आज पाळी कुणाची, हे शालूबाईनं विचारलंच नव्हतं.

"आज धुणं ऱ्हाऊ दे गं." घोळक्यातून पुढं आलेल्या धोंडाबाईनं गाठोडं तिच्या काखेतून ओढून ओट्यावर टाकलं. "आज तुजी आवणी."

गाठोड्यात दोन लुगडी होती आणि एक फणी. वैशाखात शालूबाई लोणावळ्याला करवंदं विकायला गेली होती. तिथल्या एका बंगल्यातल्या पारशीणबाईनं तिला नाव विचारलं. ते सांगून ती पुढच्या प्रश्नांची वाट बघत उभी राहिली: कुणाची, पोरंबाळं किती, एवढी वर्षं होऊन एकही कसं नाही. बाईनं दुसरं काहीच विचारलं नाही. नवरा गेल्यावर, बायका घोळक्यानं दारात येऊन बसू लागल्यावर, तिला तो बंगला फार आठवायचा. आता तिथं घरातल्या म्हातारीला सांभाळायला बाई हवी होती. बंगल्याच्या बागेत खपणाऱ्या ठाकरवाडीच्या बायडाबाईनं शब्द टाकला होता. आज बुधवार, कामावर हजर व्हायचा शेवटचा दिवस.

माणसं खाचरात उतरलीसुद्धा. बैलांनी चिखल केला. बायकांनी वाफ्यातलं पिवळं पडू लागलेलं आंबेमोहोराचं रोप उपटून मुठी बांधल्या. शालूबाईनं ते रोप मनातून कधीच सोडून दिलं होतं. ती धावत मंडळाच्या म्होरक्याकडं, रखमाजीआबाकडं गेली.

"आबा, मला येक सांगायचं हुतं."

"काय सांगू नगंस, पोरी." म्हाताऱ्यानं मान वरसुद्धा केली नाही. "तुजा मालक पंधरा वर्सं आमच्या म्होरं ढोलकी वाजवीत चालला. त्याचंच खाचर ओस पडलं, तर आमी कंच्या तोंडानं गाणं म्हनायचं?"

"पर मी..."

"भाकरी आमी बांधून आणल्यात. तुला चूल पेटवायची बी गरज न्हाई."

पाऊस बारीक लागून राहिला होता. सोपाननं थाप धरली आणि कस्तुराबाईनं भलरी उचलली. पहिल्याच ओळीत शालूबाईचं नाव होतं. मग मागच्या सगळ्या बायकांनी ते नाव झेललं, आणि दर ओळीला ते खाचराच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत जाऊन परत येऊ लागलं.

वेशीबाहेर वाट बघून कंटाळलेली बायडाबाई शेवटी बांधावर आली. डोक्यावरचं इरलं मागं सारून तिनं सगळा गोतावळा बघितला.

"पाचाची गाडी हाय कामशेतास्नं," ती हळूच म्हणाली. "आत्ता निघालो तर घावंल."

"जरा दम धर."

"आज न्हाई आलीस तर बाई दुसरी ठेवनार. तिनं सांगितलंय मला." बायडाबाई तिच्याकडं बघत राहिली. "शालू, यास्नी सांगितलं न्हाईस?"

शालूबाईनं खाचराकडं बघितलं. चारातली तीन खाचरं हिरवी झाली होती. सत्तरीची धोंडाबाई कमरेत वाकून रोप लावत होती, मध्येच पाठीला हात लावून सरळ होत होती आणि पुन्हा वाकत होती.

"पंधरा दिसांनी बेणनीला, तन काढायला येतू," रखमाजी बांधावरून ओरडला. "कापनीला दिवाळीच्या म्होरं येऊ, झोडनीला बी. मी समद्यांस्नी तारखा सांगून ठिवल्यात. तुला कुनाच्या दारात जायला लागायचं न्हाई, पोरी!"

"तू जा," शालूबाई बायडाबाईला म्हणाली.

"काय सांगू बाईला?"

"सांग, आवणी चालली हाय."

"कुनाची?"

"माजी," ती म्हणाली.

बायडाबाईनं इरलं पुढं ओढलं आणि कामशेतची वाट धरली.

दुपार कलता कलता चौथं खाचर संपत आलं. कोपऱ्यात हातभर जागा राहिली, तेव्हा रखमाजीनं ढोलकी थांबवायला लावली. एक मूठ त्यानं शालूबाईच्या हातात दिली.

"शेवटची मूठ मालकिनीची."

सगळी मंडळी बांधावर ओळीनं उभी राहिली. शालूबाई लुगडं खोचून चिखलात उतरली. तिनं मूठ सोडली, एकेक रोप वेगळं केलं, अंगठ्यानं मुळं चिखलात दाबली. बांधावरनं तिच्या नावाची भलरी पुन्हा सुरू झाली. पावसात कामशेतच्या वाटेवर आता कुणी दिसत नव्हतं.

रोप संपलं. तिनं पाय उचलायला बघितलं, तर चिखलानं पोटरीपर्यंत धरून ठेवलेला. तिनं जोर केला, दुसरा पाय आणखी खोल गेला. बायका खळखळून हसल्या. धोंडाबाईनं बांधावरनं ओणवं होऊन हात पुढं केला.

"धर गं," ती म्हणाली. "आमी हाये न्हवं."

शालूबाईनं तो हात धरला.