कोपराखालचं हाड

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात दत्तोजीरावांच्या परसात पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणताना माणसाची हाडं लागली आणि पोलिसांनी काम थांबवलं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाडांची जाणकार म्हणून कॉलेजातल्या आभाला बोलावून घेतलं. ती मूळची पुण्याची, इथे येऊन तिला चार वर्षं झाली होती. सगळी हाडं तिने एका मेणकापडावर मांडली.

दत्तोजीराव तिच्या हाताकडे नजर लावून उभे होते. जुनी हाडं तपासणारी असली माणसं एकदा घरात शिरली की जागा सरकारजमा होते, असं त्यांना शेजाऱ्याने सांगितलं होतं. मागच्या दारात त्यांची मुलगी वर्षिणी उभी होती. तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. न्हाणीघरात घसरून पडली म्हणून आठ दिवस माहेरी आली होती, आणि आज तिला न्यायला तिचा नवरा प्रणेश गावातल्याच नजरबादहून आला होता.

आभाने सांगितलं की ही बाई होती, तिशीच्या आसपासची, आणि तिला जाऊन दीडशे वर्षं तरी झाली असावीत. नक्की काय ते प्रयोगशाळेत कळेल, पण पोलिसांनी काळजी करावी असं यात काही नाही.

"सरी, बरं मॅडम," दत्तोजीराव कानडी वळणाने म्हणाले. "पण नुसत्या हाडांवरून हे सगळं?"

आभाने मानेचे झिजलेले मणके दाखवले. बाईने जन्मभर डोक्यावर ओझी वाहिली होती. घोट्यांवरच्या खुणा सांगत होत्या की ती तासन्‌तास उकिडवी बसून काम करायची. मग तिने डाव्या हाताचं कोपराखालचं हाड उचललं. त्यावर मोडून जुळल्याच्या दोन गाठी होत्या.

"आणि हिला कुणीतरी मारत असावं," ती म्हणाली.

प्रणेश हसला. डोक्यावर ओझं घेऊन चालणारी बाई, पडली असेल बिचारी, असं काहीसं म्हणाला.

"पडताना माणूस तळहात टेकतो. मग बहुतेक वेळा मनगटापाशी मोडतं," आभा म्हणाली. तिने आपला हात कपाळासमोर आडवा धरला. "वार चुकवायला हात असा वर केला, की इथे मोडतं, करंगळीच्या बाजूला. एकदाच मोडलं असतं तर मीही बोलले नसते. पण हे जुळून आलं, आणि काही वर्षांनी पुन्हा मोडलं."

दत्तोजीराव तिच्या आडव्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी वर्षिणीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. गेल्या आठ दिवसांत पडल्याची हकीकत तिने स्वतःहून एकदाही सांगितली नव्हती. सांगितली होती ती प्रणेशने, फोनवर.

"प्रणेशराव, हिचा एक्स-रे कुठे आहे?"

प्रणेश म्हणाला, दवाखान्यातच राहिला. मग म्हणाला, घरी कपाटात असेल, आणि आत्ता तो कशाला हवा? उशीर होतोय, बॅग घेऊन ये, असं त्याने वर्षिणीला सांगितलं. तो तिच्याकडे दोन पावलं आला.

वर्षिणी जागची हलली नाही.

"माझ्या बॅगेत आहेत, अप्पा," ती म्हणाली. "दोन्ही. मागच्या वेळचाही."

प्रणेश घाईघाईने काहीतरी समजावू लागला. दत्तोजीरावांनी ते ऐकून घेतलं नाही. ते जाऊन त्याच्या आणि मुलीच्या मधे उभे राहिले आणि बॅग घेऊन ये, असं त्यांनी मागे न बघताच तिला सांगितलं. ती आत गेली.

आभा हातमोजे काढत होती.

"मॅडम, स्वल्प थांबा," दत्तोजीराव तिला म्हणाले. "मला एक्स-रे वाचता येत नाही."