ताईचा ड्रॅगन

दर रविवारी दुपारी ताई आणि तिचे तिघे भाऊ जादूच्या पत्त्यांचा डाव मांडायचे. थोरला राक्षसांची फौज घेऊन पहिल्या फेरीपासूनच तुटून पडायचा, मधला तटबंदीमागे दडून बसायचा आणि धाकटा मंत्र टाकून दोघांनाही छळायचा. ताईचा पत्त्यांचा संच म्हणजे नुसते म्हातारे, लंगडे शिपाई. "संपले रे मी, मला मेलीला काय मारता?" असं कुरकुरत ती टिकून राहायची. हे तिघे आपसात लढून अर्धमेले झाले, की आपला एकुलता एक ड्रॅगन काढून सगळ्यांना गिळून टाकायची.

या रविवारी ती पाणी आणायला उठली, तेव्हा धाकट्याने तो ड्रॅगन गुपचूप स्वतःच्या खिशात घातला.

चौथ्या फेरीत ताईला दरदरून घाम फुटला. "आज खरंच संपले रे मी," ती कशीबशी म्हणाली.

"झालं, नाटक सुरू!" थोरला हसला आणि तिघेही पहिल्यांदाच एकजुटीने तिच्यावर चालून गेले. धाकटा गालातल्या गालात हसत होता. ताई आज खरं बोलतेय, हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

ताईने पत्त्यांवर डोकं टेकलं.

डॉक्टर मान हलवून निघून गेले, तेव्हा धाकट्याने खिशातला ड्रॅगन तिच्या गार पडलेल्या हातात ठेवला.

"घे ना गं, ताई. तुझीच खेळी आहे."