मानाचा वाडगा

एकात एक ठेवलेल्या तीन पेट्या उघडल्या, रेशमी कापड सुटलं आणि तोकुनागांनी घराण्याचा मानाचा चहाचा वाडगा बाहेर काढला. चारशे वर्षांपूर्वी कोरियातून जपानात आलेला. आज मुलाच्या लग्नाला होकार द्यायचा की नाही, हे ठरवायला होणाऱ्या सुनेची आजीही कोरियातूनच आली होती.

आजीनं चहा संपवला, रीतीप्रमाणे वाडगा उलटा करून न्याहाळला आणि खो-खो हसत कोरियनमध्ये काहीतरी बोलली. दुभाषी म्हणून शेजारी बसलेली नात ओशाळली.

"काय म्हणाल्या?" तोकुनागांनी विचारलं.

"म्हणते, हा तर आमच्याकडचा भाताचा वाडगा! चारशे वर्षं उपाशी ठेवलात बिचाऱ्याला?"

तोकुनागांनी वाडग्याकडे पाहिलं आणि त्यांनाही हसू फुटलं. "अगं," त्यांनी बायकोला हाक मारली, "गरम भात आण!"

आजी त्याच वाडग्यातून पोटभर जेवली. मग नातीच्या डोक्यावर हात ठेवून काही बोलली. नात लाजली.

"म्हणते, माझा होकार. फक्त नातीला पेटीत ठेवू नका."