पाटलांच्या गर्दीत

उंबरझरे आडनावाची माणसं धरणगावजवळच्या एकाच खेड्यातली, सगळी एका रक्ताची, नात्यानं भाऊबहीण. जळगावात मेघानं नुसतं आडनाव सांगितलं, की समोरचा विचारायचा, “भटूनानांची पोर का?” आणि संध्याकाळी बापाचा फोन हजर. या जाचातून सुटायला तिनं धुळ्याच्या कुंदन पाटलाशी गुपचूप कोर्टात लग्न केलं. खानदेशात दगड भिरकावला तर तो पाटलालाच लागतो. त्या गर्दीत तिला कोण हुडकणार?

सासरी पाऊल टाकताच ती कुंदनच्या आजोबांच्या पाया पडली. “आबा, आता मीही पाटील!”

आबा खुशीत हसले. “पाटीलकी ते नंतर भेटनी, बेटा.



आपलं मूळ आडनाव उंबरझरे शे.”