नववं स्थळ आणि न्यूट्रिनो

सपनाला बघायला आलेलं हे नववं स्थळ. जमलं तर पुण्यातलं संशोधन सोडायचं, हे वडिलांनी परस्पर कबूल करून टाकलं होतं. उंची, वजन, स्वयंपाक विचारून झाला. सपनाने झोपेत दिल्यासारखी उत्तरं दिली. मग मुलाचे वडील, जवळा बाजारचे सटवाजी, म्हणाले, "पुण्यात काय शिकून राहिली तू?"

"न्यूट्रिनो. लई बारीक कण असतो."

"वजन किती त्याचं?"

"नसल्यात जमा."

"करंट मारतो?"

"न्हाई."

"मग तकलीफ काय त्याची?"

"काहीच न्हाई. भिंतीतून, माणसातून आरपार जातो आन् कुणाला पत्ता लागत न्हाई. आत्ता बी तुमच्यातून करोडो चाललेत."

त्या कणांना वाट मिळावी म्हणून सटवाजींनी मांडी जरा सैल केली. "म्हंजे घरात हाय का न्हाई, ते बी कळत न्हाई?"

"न्हाई."

"बेस! सून अशीच पाहिजे," ते बायकोला म्हणाले.

सपनाला एकच वाट उरलेली दिसली. "पण एक खोड हाय त्याला, मामा. निघताना एक असतो आन् पोचेपर्यंत दुसराच होऊन बसतो."

सटवाजींचा चमचा थांबला. त्यांनी पुन्हा बायकोकडे पाहिलं. केशरबाई आल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. पोह्यांवरची नजर न उचलता त्या म्हणाल्या, "ते चालतंय. मी बी तशीच आले व्हते."