सोनीचा सोन्या

"भावजी, सोनी आज पहाटे आरवली!" वहिनींच्या पत्राची एवढीच ओळ वाचून त्रिंबकरावांनी ते पुस्तकात दडवलं, आणि चार महिने उत्तर दिलं नाही. कापसासारख्या पिसांच्या रेशमी कोंबड्या ते हौसेने घरी वाढवत. त्यातली कोंबडी म्हणून वहिनींना दिली, आणि निघाला कोंबडा!

"अहो, या जातीत आरवेपर्यंत कुणालाच कळत नाही," बायको म्हणाली. "पत्र पुढे वाचा तरी."

पुढे लिहिलं होतं, "सोनीचा सोन्या झालाय. अंगणभर मिरवतो, पण एकटा पडतो बिचारा. त्याला बायको बघा."

त्रिंबकराव खुदकन हसले. त्यांनी लिहिलं, "वहिनी, स्थळ आहे. मुलगी पांढरीशुभ्र, गरीब स्वभावाची. काल माझ्यासमोर अंडं घातलंय, तेव्हा या खेपेला चूक नाही."

आणि मन बदलायच्या आत कार्ड पेटीत टाकून आले.